बर्लिनचे वार्तापत्र : पेन्शनविना म्हातारपण

सोव्हिएत संघ मोडकळीला आला असताना, जानेवारी १९९१ मध्ये, जर्मनीने तेथील ज्यूंना ‘कोटा-निर्वासित’ म्हणून आसरा देण्याचे ठरवले आणि पुढच्या दीड दशकात ज्यू व त्यांचे कुटुंबीय मिळून दोन लाखांहून अधिक माणसे येथे आली. नाझी संहारानंतर क्षीण झालेला येथील ज्यू समाज त्यांच्यामुळेच पुन्हा उभा राहिला. मात्र त्यांतील वृद्धांना ग्रासणाऱ्या नैराश्याची, म्हणजे नुसत्या उदासीनतेची नव्हे तर उपचार लागणाऱ्या आजाराची, चर्चा क्वचितच होते.

हा आजार दवाखान्यात स्वतःच्या नावाने येत नाही. तो छातीतले दडपण, रक्तदाब, उडालेली झोप अशा तक्रारींच्या आडून येतो. सोव्हिएत काळात मानसोपचार केंद्राच्या नोंदवहीत नाव चढले की नोकरी धोक्यात येई आणि सरकारविरोधकांना मनोरुग्ण ठरवून डांबलेही जाई, त्यामुळे वृद्धांच्या मनातली धास्ती निराधार म्हणता येत नाही. त्यात दुभाषी म्हणून नातच शेजारी बसलेली असेल, तर ‘जगावेसे वाटत नाही’ हे आजीने कोणत्या तोंडाने सांगावे? वृद्धांमधील नैराश्य मोजणारी, जगभर प्रचलित असलेली तीस प्रश्नांची प्रश्नावली शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळते, कारण त्या वयात त्या एरवीही असतात; दुःख शरीरावाटेच सांगणाऱ्या या रुग्णांच्या बाबतीत ती अपुरी पडण्याचा धोका उघड आहे.

परंतु सारा दोष भीतीवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. आलेल्यांत अभियंते, डॉक्टर, शिक्षक पुष्कळ होते. उतारवयात अनेकांच्या पदव्या निरुपयोगी ठरल्या, आणि जर्मन वंशाच्या स्थलांतरितांची परदेशातील नोकरीची वर्षे १९६० च्या कायद्यानुसार पेन्शनसाठी धरली जात असताना ज्यूंची धरली गेली नाहीत. परिणामी आयुष्यभर राबलेली माणसे ‘मूलभूत आधार’ या वृद्धांसाठीच्या सरकारी साहाय्यावर आली, ज्यात बँकेतील शिल्लक तपासली जाते आणि इस्रायलमधल्या मुलाकडे सलग चार आठवड्यांहून अधिक राहिल्यास परत येईपर्यंत पैसे थांबतात. कमावत्या माणसाचा मान असा हप्त्याहप्त्याने काढून घेतल्यावर मन खचले, तर त्यावर केवळ गोळ्यांचा इलाज पुरणार नाही.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने यावर तोडगा म्हणून अडचणीतल्या वृद्धांसाठी एकरकमी २,५०० यूरो मंजूर केले. चाळीस वर्षांच्या नोकरीचा हा मोबदला होऊ शकत नाही. १९६० च्या कायद्याचा लाभ ज्यूंनाही मिळायला हवा, आणि तो लवकर, कारण त्यांतील अनेकांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे.