मेंढ्या नसलेल्या घरात

बॉर्डर कॉली मेंढ्यांवर सहसा भुंकत नाही. मान खाली, पोट जमिनीलगत, पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी आणि नजर रोखलेली. तेवढ्यावर अख्खा कळप वळतो. नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा असाच मुका, नजरेचा कुत्रा. आजच्या जातीचा तो मूळपुरुष मानला जातो. नजरेनं कळप वळवणं ही मुळात शिकारच. हेरणं, दबा धरणं, पाठलाग करणं या पायऱ्या मेंढपाळांनी पैदाशीतून धारदार केल्या आणि चावणं, मारणं दाबून टाकलं.

हा कुत्रा शहरी घरात आला की कळप शोधतो. सायकली, मोटारी, वॉशिंग मशीनचा फिरणारा ड्रम, भिंतीवरचा कवडसा, काहीही चालतं. पळणाऱ्या मुलांच्या टाचेला तो दात लावतो. ‘कुत्रा बिघडला’ म्हणत घरचे त्याला बचावसंस्थेत सोडतात. तिथे शेतावरून आलेलेही असतात: मेंढ्यांना घाबरणारे किंवा त्यांच्यात रसच नसलेले. त्यांनी जिना, टीव्ही, काचेचं दार कधी पाहिलेलं नसतं.

स्टॅफर्डशायरच्या ‘बॉर्डर कॉली ट्रस्ट जीबी’सारख्या काही ब्रिटिश संस्था याच जातीसाठी काम करतात. पण पिंजऱ्यांच्या गोंगाटात कॉली एक तर स्वतःभोवती गरगर फिरतो, नाही तर कोपऱ्यात तोंड घालून बसतो. त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. म्हणून फॉस्टर घर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणारं कुटुंब, मला या कामातला सर्वांत मोलाचा दुवा वाटतो.

चांगल्या फॉस्टर घरात सुरुवातीचे दिवस काहीच घडवायचं नसतं. पाहुणे नाहीत, बाजारात फेरी नाही, अंघोळसुद्धा नाही. फक्त बघायचं. दारावरची बेल वाजली की काय करतो? व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो का? मांजर दिसलं तर? एकटा किती वेळ राहतो? या नोंदींवरच पुढचं घर ठरतं.

मोटारींमागे धावण्याची सवय रस्त्याकडेला ओरडून मोडत नाही. गाडी दिसते, पण अंग ताठत नाही, इतक्या दूर त्याला न्यायचं. गाडीवरची नजर काढून त्याने माणसाकडे पाहिलं की लगेच खाऊ. मग अंतर थोडं थोडं कमी करत जायचं. यात महिने जाऊ शकतात. बरेच मालक उलट करतात: कुत्रा दमावा म्हणून तासभर चेंडू फेकतात. त्याने तो दमत नाही, आणखी काटक होतो आणि चेंडूच्या नादी लागतो. फॉस्टर त्याला स्वस्थ पडून राहायला शिकवतो. कॉलीसाठी याहून अवघड धडा नाही.

दत्तक देण्याआधी कुंपण पाहतात, मुलांची वयं विचारतात, घरी दिवसा कोण असतं तेही. नकार मिळालेले लोक चिडतात. मला हा नकार रास्तच वाटतो, कारण चुकीच्या घरातून परत येणाऱ्या कुत्र्याची भीती दुणावते. तरीही नाहीच जमलं, तर कुत्रा संस्थेकडेच परत द्यायचा, अशी अट करारात असते. फॉस्टर करणाऱ्यांना निरोप जड जातो. काही जण कुत्रा ठेवूनच घेतात. मग पुढच्यासाठी जागा उरत नाही.

आपल्याकडे बॉर्डर कॉली कमी, पण ‘अल्सेशियन’, म्हणजे जर्मन शेफर्ड, घरोघरी. तोही मुळात मेंढ्या राखणारा कुत्रा. फॉन स्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये त्याची जात बांधली. बाल्कनीत बांधून ठेवल्यावर तो भुंकणारच. अशी टाकून दिलेली कुत्री पुण्या-मुंबईच्या निवाऱ्यांत येऊन पडतात. घरात एखादी खोली रिकामी असेल, दिवसा कोणी घरी असेल आणि काही महिने देता येत असतील, तर कुत्रा विकत घेण्याआधी जवळच्या संस्थेला फोन करा आणि फॉस्टर म्हणून नाव नोंदवा.