आमचे काका : पेढीवरचे दिवाणजी

आमचे काका बेळगावच्या रविवार पेठेतील एका अडत पेढीवर दिवाणजी होते. पेढी त्यांची नव्हे. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव कधी लागले नाही, आणि अशा स्मरणिकांतून ज्यांची छायाचित्रे छापली जातात त्या मंडळींतही ते कधी बसले नाहीत. तथापि गुळाच्या व मिरचीच्या अडतीत ज्यांचा जन्म गेला अशा वृद्ध व्यापारी बंधूंना, गादीवर मांडी घालून रोजकीर्द लिहीत बसलेली ती कृश मूर्ती अजून आठवत असेल.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा त्यांचा नियम असल्याने सायंकाळी डबा पोहोचविण्याचे काम आम्हां भावंडांकडे पाळीपाळीने असे. डबा उघडण्यापूर्वी प्रश्न ठरलेला. “साडेतीन आणे शेर, तर अडीच शेरांचे किती रे?” पावणेनऊ आणे हे उत्तर पावकी, निमकी पाठ असल्याशिवाय येत नसे, आणि उत्तर येईपर्यंत काका घास घेत नसत. त्यांना उपाशी ठेवण्याच्या धास्तीनेच आम्ही पाढे शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली व रुपयाचे 100 नये पैसे झाले. पावलीचे 25 आणि अधेलीचे 50, येथवर ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे कोणी कसे द्यावेत? सहा दिले तर घेणारा बुडे, सात दिले तर देणारा. बाजारात यावरून नित्य तंटे होत. काकांनी मालकांस विनवून हमालांची आण्याआण्याची मजुरी दिवसअखेर एकत्र करून देण्याची वहिवाट पाडली. चार आण्यांचे बरोबर 25 होतात, गरिबाचा पाव पैसाही जात नाही. पुढे शेर जाऊन किलो आला तेव्हा, शेर म्हणजे 933 ग्रॅम हे खेडुतांना समजावून देता देता त्यांचा घसा बसे.

मात्र त्यांची खरी कसोटी घरी लागली. आमचे वडील अकाली वारले आणि त्यांच्या मोडलेल्या किराणा दुकानाची देणी मागे राहिली. तीन वर्षे उलटून गेलेल्या, लेखी कबुली नसलेल्या देण्याचा दावा कोर्टात टिकत नाही, हे काकांसारख्या मुरलेल्या दिवाणजीस कोणी सांगावयास नको होते. धनकोंनीही त्या रकमा बुडीत धरल्या होत्या. “मुदत कागदाची गेली, घेतलेल्या मालाची नाही,” एवढेच बोलून काकांनी पगारातून एकेक खाते फेडावयास घेतले. दोन घरांचा संसार त्याच पगारावर. कित्येक वर्षे त्यांनी नवे धोतर घेतले ते केवळ दिवाळीस, वहीपूजनापुरते.

काकूंच्या पाटल्याही त्यात गेल्या. काकांची थोरवी पेठेने गायिली. पाटल्या ज्यांच्या हातांतून उतरल्या त्यांना कोणी विचारले नाही. घरात वयात आलेली मुलगी असताना दिराच्या देण्यापायी सोने मोडणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या फेडीचे निम्मे पुण्य आम्ही काकूंच्या खाती धरतो. त्या स्वतः याविषयी एकदाच बोलल्या : “तुमच्या काकांना रात्री झोप लागू लागली, मला तेवढे पुरले.”

काकांची खाजगी चोपडी आमच्या चुलत बंधूंनी जपून ठेवली आहे. शेवटचे देणे जेथे मिटले त्या पानावर रकमेखाली मोडीत ‘चुकते’ एवढाच शब्द आहे. तो वाचता येणारे घरात आता आम्ही दोघेच उरलो आहोत.