लोणीचा रस्ता दिल्लीवरून

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा २०२५ चा निकाल १४ जूनला लागला, त्यावरचं हसणं-रडणं ओसरलं. मग नगर जिल्ह्यात नेवाशापासून सावेडीपर्यंत घरोघरी एकच खल चालू झाला: पसंतीक्रम. कुठलं कॉलेज वर टाकायचं, कुठलं खाली. पैसे घेऊन यादी करून देणारे सल्लागार जागोजागी उगवले आणि व्हॉट्सॲपवर आदल्या वर्षीच्या कटऑफचे तक्ते फिरू लागले. हे तक्ते सरळ रद्दीत घालण्याजोगे होते.

२०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये फिजिक्सच्या पेपरने अशी दमछाक केली की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. २०२४ मध्ये सहाशे गुणवाला खुल्या प्रवर्गातला मुलगा रिपीटरची बॅच शोधत होता; २०२५ मध्ये सहाशेवाल्याच्या घरी पेढे वाटले गेले. तेव्हा गुण गुणांशी ताडू नका. ताडायचाच तर ऑल इंडिया रँक ताडा, आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर.

सल्लागारांचं दुसरं लाडकं वाक्य असतं, ‘पुण्याचं बीजे वर टाकू नका, मिळणार नाही, पसंती वाया जाईल.’ हे धादांत चूक आहे, आणि यावर मी जरा जास्त जागा खर्च करणार आहे.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं यांवर मिळून एकच छोटा निबंध लिहिला. पुढे अल्विन रॉथ या अर्थतज्ज्ञाने त्याच धाग्यावरून अमेरिकेत नव्या डॉक्टरांना हॉस्पिटलं वाटून देण्याची पद्धत सुधारली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. याच मंडळींच्या कामातली बोस्टनच्या शाळांची गोष्ट आपल्या पालकांनी ऐकण्यासारखी आहे. तिथे आधी ज्यांनी एखादी शाळा पहिली लिहिली त्यांनाच तिच्या जागा मिळत. उरल्या तर दुसरी लिहिणाऱ्यांना. म्हणजे नावाजलेली शाळा पहिली लिहिली आणि हुकली, की दुसरीही हातची गेलेली असायची. पालक बैठका घेऊन डावपेच आखत. ज्यांना डावपेच जमत नव्हते त्यांची मुलं मागे पडत. २००५ मध्ये बोस्टनने ती पद्धत मोडीत काढली.

आपल्या सल्लागारांच्या डोक्यात अजून तीच बोस्टनची जुनी पद्धत आहे. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेरीत (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) तसं होत नाही. तुमचा गुणवत्ता क्रमांक आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या प्रवर्गात जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल ती देतो. वर लिहिलेली पाच अशक्य कॉलेजं तो नुसती ओलांडून जातो. सहाव्याला तुम्ही पहिलं लिहिलंय की सहावं, याने तुमचा हक्क तसूभरही हलत नाही. यादी मनातल्या क्रमाने लिहा, एवढंच. धोका आहे तो उलट बाजूला: जिथे जायचंच नाही ते कॉलेज ‘असू द्या’ म्हणून लिहिणं. ते मिळालं तर सोडताना पुढच्या फेऱ्यांचे नियम अंगावर येतात. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा, म्हणजे रिटेन्शनचा, फॉर्म भरलात तर वरचं कॉलेज मिळण्याची आशा संपली, हेही सही करण्याआधी घरात बोलून घ्या.

आता मनातला क्रम कसा ठरवायचा? आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, आणि २०२५ च्या प्रवेशांच्या वेळी सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालेलं नव्हतं. ६ मे २०२५ च्या चौंडीतल्या मंत्रिमंडळ बैठकीत १०० जागांचं कॉलेज आणि ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर झालं खरं, पण त्या वर्षीच्या यादीत ते नव्हतं. यादीत ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ दिसलं म्हणून कोणी हरखून जाऊ नका. ते बारामतीचं आहे. कर्जत-श्रीगोंद्याच्या मुलांना तसं ते सोयीचंच.

जिल्ह्यात एमबीबीएसची कॉलेजं दोन. नगर-मनमाड रस्त्यावर विळद घाटातलं आणि लोणीचं, दोन्ही विखे पाटलांची. बाहेरून सारखीच वाटतात, कागदावर मात्र दोन वेगळी जगं आहेत. विळद घाट नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न, म्हणून प्रवेश राज्याच्या कॅपमधून, आरक्षण लागू, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवणार. लोणीचं कॉलेज १९८४ चं, २००३ पासून अभिमत विद्यापीठात. तिथला प्रवेश दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीमार्फत (एमसीसी), देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करून. राज्याचा कोटा नाही, जातीचं आरक्षण नाही. राहाता तालुक्यातल्या मुलीच्या घरापासून कॉलेजची इमारत एसटीच्या अंतरावर, पण अर्ज मात्र दिल्लीला, दोन लाखांच्या अनामतीसह.

शुल्कातला फरक तर आणखी मोठा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. ते कॅपमधून मिळालेल्या खासगी कॉलेजलाही लागू आहे, अभिमत विद्यापीठाला नाही. म्हणजे एकाच घरातल्या मुलीला विळद घाटात शिक्षण शुल्क शून्य आणि लोणीत वीस लाखांच्या आगेमागे, तेही दरवर्षी. हे गणित ज्या बापाने मांडलं नाही त्याने यादीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (सरकारचा परतावा रखडतो म्हणून ‘आधी भरा, मग बघू’ म्हणणारी कॉलेजं असतात. शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा.)

सरकारी जागा मिळत असेल तर? नगरच्या पालकांना पुणं दिसतं, पण शेवगाव-नेवाशाचे लोक आजारी पडले की जातात ते संभाजीनगरच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात. १९५६ चं कॉलेज, हजारावर खाटा, आणि व्हरांड्यात गाद्या टाकलेले रुग्ण. त्या गर्दीकडे पालक नाक मुरडून बघतात. डॉक्टर मात्र त्या गर्दीतच घडतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला दिवसाला किती पोटं हाताने तपासायला मिळतात, रात्रीच्या कॅज्युअल्टीत त्याला कोणी टाके घालू देतं का, प्रसूती कक्षात तो उभा राहतो की काचेतून बघतो, हे विचारा. स्विमिंग पूल आणि वातानुकूलित वसतिगृहाचे फोटो बाजूला ठेवा. शक्य असेल तर सोमवारी सकाळी दहाला ओपीडीच्या केस-पेपर खिडकीसमोर अर्धा तास उभे राहा. तिथे शुकशुकाट असेल तर माहितीपत्रकात काही का लिहिलेलं असेना.

याच कारणाने मी २०२४ मध्ये सुरू झालेली दहा सरकारी कॉलेजं, जालना, नाशिक, हिंगोली वगैरे, घाटी आणि अंबाजोगाईच्या खाली ठेवेन, पण खासगीच्या वर. तिथे इमारती आणि प्राध्यापक दोन्ही जमवाजमवीत आहेत. रुग्ण मात्र जिल्हा रुग्णालयाचे, म्हणजे भरपूर. सरकारीत एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचा बाँड आहे, नाहीतर दहा लाख भरा. त्याचा बाऊ फार होतो. आपल्या अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात वर्ष काढणं ही शिक्षा कधीपासून झाली?

आणि अकोले तालुक्यातल्याच मुलांनी नाशिकची बाजू नीट बघावी. घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी, संगमनेरच्या थोरातांचं, त्यांना विळद घाटापेक्षा जवळ पडतं. नगर जिल्ह्यात कॉलेज निवडणं म्हणजे विखे की थोरात निवडणं असा विनोद होतो. घरचं राजकारण यादीच्या बाहेर ठेवलेलं बरं.

यादी शेवटच्या रात्रीपर्यंत बदलता येते, दाखले मात्र शेवटच्या रात्री मिळत नाहीत. उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा, जात वैधतेचा कागद ज्यांचा अजून सेतू केंद्रात किंवा समितीकडे अडकलाय, त्यांनी कॉलेजांची तुलना उद्यावर ढकलावी आणि सोमवारी तहसील उघडण्याआधी दारात हजर राहावं.