जेद्दाच्या उन्हात तपासलेली काजळी

जेद्दातल्या शराफिया वस्तीत भर दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की हात पोळतो. इतकं ऊन, म्हणजे इथे सौर पॅनेल भरभरून वीज देणार, असं इथली आपली कोकणी मंडळीही धरून चालतात. पण वीज होते उजेडाने; उष्णता उलट नडते. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद गमावतं. सौर सेलसाठीच्या पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाला तर उष्णता आणि दमट हवा दोन्ही बाधतात, आणि जेद्दात दोन्ही मुबलक आहेत.

मग पेरोव्स्काइट सेलच्या पाठीला वीज गोळा करणारा सोन्याचा थर, म्हणजे इलेक्ट्रोड, असला की सेल टिकेल, अशी समजूत असते. सोनं गंजत नाही हे खरं. मात्र ७० अंशांच्या आसपास सोन्याचे अणू मधला थर ओलांडून थेट पेरोव्स्काइटमध्ये शिरतात आणि सेल ढासळतो, हे २०१६ मध्ये दिसून आलं. चांदीला तर पेरोव्स्काइटमधलं आयोडिन खातं. म्हणून धातूऐवजी कार्बनचा थर लावायची युक्ती निघाली.

‘काजळीतून वीज कशी वाहणार?’ हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर आपण लहानपणीच हातात घेतलेलं असतं. रेडिओचा जुना सेल फोडला की निघणारी काळी कांडी कार्बनचीच. या सेलमध्ये ग्राफाइट आणि काजळीचा लेप लग्नपत्रिकेसारखा जाळीतून छापतात आणि सुमारे ४०० अंशांवर भाजतात. वरून पेरोव्स्काइटचं द्रावण सोडलं की ते सच्छिद्र थरांतून खाली झिरपतं. सोन्याचा थर चढवायला लागणारं निर्वात यंत्र इथे नको. काळा थर ऊन अडवेल ही भीतीही नको. ऊन समोरच्या काचेतून येतं, कार्बन पाठीमागे असतो.

वुहानच्या होंगवेई हान यांच्या गटाने २०१४ मध्ये असा सेल १२.८ टक्के कार्यक्षमतेपर्यंत नेला. तो उघड्या हवेत, पूर्ण उजेडात हजार तासांहून जास्त टिकला. पुढे हान, लोझानचे मायकेल ग्रेट्झेल आणि जेद्दाच्याच किंग अब्दुलअझीझ विद्यापीठातले संशोधक एकत्र आले. याच शहराच्या उन्हात त्यांनी आठवडाभर हे सेल ठेवले, प्रयोगशाळेत ८० ते ८५ अंशांवर तीन महिने तापवले. सेल तगले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शराफियातल्या किती जणांना ठाऊक असेल?

तरी कार्बनने सगळं सुटलं, असंही नाही. धातूचा थर उरलेला उजेड परत पेरोव्स्काइटकडे फेकतो, कार्बन तो गिळतो. कार्बनचा विद्युतरोधही धातूहून जास्त, म्हणून सेल मोठा केला की नुकसान वाढतं. शिवाय पेरोव्स्काइटमध्ये शिसं असतं. पाठीला कार्बन असो वा सोनं, काचेच्या कडा पक्क्या बंद कराव्याच लागतात.