शाळेत संगणक आले, पण सर-मॅडमना कोण शिकवणार?



मागच्या महिन्यात संघाच्या बैठकीत चहाच्या वेळी एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या गावच्या शाळेला संगणक मिळून दोन वर्षं झाली. आले त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे मात्र संगणकांवर कापड आणि खोलीला कुलूप. ताईंची मुलगी सातवीत आहे. ती त्या खोलीत एकदाच गेली, १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी झाडायला!

ताई शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांनी समितीच्या बैठकीत जरा चिडूनच विचारलं, "मॅडम, खोली उघडत का नाही?" मॅडमनी जे सांगितलं ते ऐकून ताईंचा राग निवळला. त्या म्हणाल्या, "ताई, यंत्रं आली, पण ती वर्गात कशी वापरायची हे शिकवायला कोणी आलं नाही. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. भरलेला हॉल, पुढे पडद्यावर कोणीतरी भराभर दाखवतंय. घरी येईपर्यंत निम्मं विसरले. त्यात सगळं सामान डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या सहीने. पोरांच्या हातून बिघडलं तर भरपाई कोण देणार? म्हणून कुलूप."

आता आपणच आठवून बघू या. गट सुरू झाला तेव्हा आपल्याला हिशेब लिहायला कसं जमलं? एक दिवसाच्या शिबिराने जमलं का? नाही. ताई दर महिन्याला येऊन शेजारी बसायच्या. आपण लिहायचो, त्या चूक दाखवायच्या, आपण खोडून परत लिहायचो. सहा-आठ महिन्यांनी हात बसला. शिक्षकांचंही अगदी तसंच असतं. या लेखात तेच समजून घेऊ.

कोडिंग म्हणजे नेमकं काय?

शब्द ऐकला की वाटतं, हे आपलं काम नाही. पण आपली मासिक बैठक बघा. आधी हजेरी, मग बचत, मग कर्जाचे हप्ते, मग नवीन कर्जाची मागणी, शेवटी इतिवृत्त आणि सह्या. हा झाला क्रम. तो उलटा केला तर गोंधळ होतो.

बचत घेताना आपण एकेका सदस्येचं नाव पुकारतो, पैसे घेतो, पासबुकात आणि वहीत लिहितो. दहा जणी असतील तर तेच काम दहा वेळा. ही झाली पुनरावृत्ती. आणि हप्ता आला असेल तर जमा करायचा, आला नसेल तर गटाच्या नियमाप्रमाणे दंड लावायचा. ही झाली अट.

क्रम, पुनरावृत्ती आणि अट. कोडिंगचा पाया या तीन गोष्टींचा आहे. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. त्याला एकेक पायरी नीट सांगावी लागते. ती त्याला कळेल अशा भाषेत लिहून देणं म्हणजे कोडिंग.

चौथी गोष्टही आपल्या ओळखीची आहे. बैठकीच्या शेवटी रोकड मोजली आणि वहीपेक्षा वीस रुपये कमी भरले, तर आपण काय करतो? सगळी वही फाडून टाकत नाही. वरून एकेक ओळ बघत खाली येतो आणि चूक नेमकी कुठे झाली ते शोधतो. संगणकाची कामं करणारे याला 'डिबगिंग' म्हणतात. मुलांना कोडिंग शिकवायचं ते सगळ्यांनी संगणकाचीच नोकरी करावी म्हणून नाही. मोठं काम लहान पायऱ्यांत कसं तोडायचं आणि चूक झाली तर रडत न बसता ती कशी शोधायची, ही सवय लागावी म्हणून.

नुसती यंत्रं वाटून काय होतं?

हा प्रश्न आपल्याच तालुक्याचा आहे असं नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या सरकारने शाळेतल्या मुलांसाठी लाखो छोटे लॅपटॉप घेतले. पुढे आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा तपासल्या आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. सव्वा वर्ष लॅपटॉप वापरून मुलांचा त्यावर हात बसला होता, विचार करण्याच्या काही चाचण्यांतही ती थोडी पुढे गेली होती. पण गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. रोजच्या धड्याला लॅपटॉप कसा जोडायचा, याचं पुरेसं मार्गदर्शन शिक्षकांना मिळालेलं नव्हतं.

शिलाई मशीन घरात आली म्हणजे ब्लाउज शिवता येतो असं नाही. तसंच हे आहे.

चांगलं प्रशिक्षण कसं असतं?

शिक्षकांचं चांगलं प्रशिक्षण ओळखायच्या चार खुणा सांगते.

पहिली खूण : सुरुवात यंत्राशिवाय होते. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातले प्राध्यापक टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकापासून 'सीएस अनप्लग्ड' नावाचे खेळ तयार केले. त्यात संगणक लागतच नाही. एक खेळ असा : पाच पुठ्ठे घ्यायचे. त्यावर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढायचे. आता मुलांना सांगायचं, तेरा ठिपके दिसतील असे पुठ्ठे उघडे ठेवा, बाकीचे पालथे करा. मुलं ८, ४ आणि १ उघडे ठेवतात. या पाच पुठ्ठ्यांतून शून्यापासून एकतीसपर्यंतचा कोणताही आकडा होतो. संगणक आतमध्ये आकडे असेच साठवतो, फक्त 'चालू' आणि 'बंद' एवढ्यावर. वीज गेली तरी हा तास होतो!

दुसरी खूण : तंत्रज्ञान धड्याला जोडलेलं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली 'स्क्रॅच' नावाचा मुलांसाठीचा प्रोग्राम आणला. तो फुकट आहे. एकदा संगणकात घेतला की इंटरनेट नसतानाही चालतो. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे असतात. "१०० पावलं पुढे जा, ९० अंश वळ" हे चार वेळा करायला सांगितलं की पडद्यावर चौकोन उमटतो. मग सर म्हणतात, आता तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण काढा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे मुलांना पाठ असतं, म्हणून मुलं ६० अंश वळायला सांगतात. त्रिकोण होतच नाही, रेघ भलतीकडेच जाते. अंगणात त्रिकोणावर चालून बघितलं की कळतं : कोपऱ्यावर आपल्याला जवळजवळ मागे फिरावं लागतं. म्हणजे वळायचं ६० नाही, १२० अंश. हा भूमितीचाच तास झाला, आणि असा शिकलेला कोन मुलं विसरत नाहीत.

तिसरी खूण : शिक्षक स्वतः हाताने करतात आणि चुकतात. पडद्यावर दुसऱ्याने केलेलं बघून काही येत नाही. आपण पापडाचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा पीठ आपल्याच हाताने मळलं होतं ना? ज्या मॅडमनी स्वतः तो त्रिकोण चुकवला आहे, त्यांना मुलाची चूक बघून राग येत नाही. आणि "मलाही माहीत नाही, चल दोघं मिळून शोधू" असं म्हणायची त्यांना लाज वाटत नाही.

चौथी खूण : नंतर सोबत मिळते. शिक्षक वर्गात करून बघतात, अडतात आणि महिन्याभरात कोणाला तरी विचारू शकतात. आपल्याकडे केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथे एखाद्या शिक्षकाने आपला तास करून दाखवला, बाकीच्यांनी प्रश्न विचारले, तर तेही प्रशिक्षणच की!

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेल. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायची कल्पना त्यांनी पुढे आणली. मोबाइलने कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळते, व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले.

पण त्यांनी आधी काय केलं ते बघा. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कानडी होती. म्हणून ते कानडी शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. क्यूआर कोड त्यानंतर. मूल कुठे अडतंय हे शिक्षकाला कळलं, म्हणून मोबाइल कामाला आला.

कायदा आणि धोरण काय म्हणतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की, मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचे उपक्रम सुरू करावेत. त्याच धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत, असंही म्हटलं आहे. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा ऑनलाइन मंच २०१७ पासून आहे. त्यावर शिक्षकांना अभ्यासक्रम करता येतात आणि मुलांचे धडेही मिळतात.

आणि आपला हक्क? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. म्हणजे त्या खुर्चीवर आपण कोणाच्या मेहेरबानीने बसत नाही. नुसती सही करून उठायचं नाही. विचारायचं.

समितीच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा :

१. शाळेत किती संगणक आहेत, त्यातले चालू किती? वीजबिल भरलेलं आहे का?

२. आपल्या शिक्षकांना वर्षभरात कोणतं प्रशिक्षण मिळालं? त्यात स्वतः हाताने करायला मिळालं का?

३. आठवड्यात कोणत्या वारी, कोणत्या वर्गाचा संगणकाचा तास आहे? तो वेळापत्रकात लिहिलाय का?

४. वापरताना काही बिघडलं तर दुरुस्ती कशी आणि कोणत्या खर्चातून होणार?

५. संगणकापुढे मुली बसतात का, की मुलगे बसतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात?

हा पाचवा प्रश्न आपल्याशिवाय कोणी विचारणार नाही. घरात मोबाइल आधी दादाच्या हातात जातो, हे आपल्याला माहीत आहे. शाळेत तरी तसं नको. एका संगणकावर दोघांनी बसायचं, एकाने चालवायचं, दुसऱ्याने पुढची पायरी सांगायची आणि दहा मिनिटांनी जागा बदलायची, अशी साधी पद्धत आहे. घड्याळ लावून अदलाबदल केली की मुलींची पाळी चुकत नाही.

एक सांगते, प्रश्न विचारताना आवाज चढवू नका. मॅडमना जाब विचारला तर कुलूप आणखी घट्ट होईल. "तुम्हाला काय अडचण आहे, आम्ही काय करू शकतो?" असं विचारा. अडचण मोठी असेल तर समितीचा ठराव करा आणि केंद्रप्रमुखांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. एका शाळेच्या अर्जापेक्षा आपल्या संघातल्या पाच-सहा गावांचे अर्ज एकत्र गेले, तर त्याला वजन येतं. ते आपल्याला जमतं.

पुढच्या बैठकीत करून बघा

दहा मिनिटांचा खेळ आहे. एक ताई 'यंत्र' होईल. तिने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. दुसरीने तिला दारापासून पेटीपर्यंत न्यायचं, पण "पाऊल पुढे", "उजवीकडे वळ", "डावीकडे वळ", "थांब" एवढेच शब्द वापरायचे. बाकीच्यांनी सूचना वहीत लिहायच्या. ताई भिंतीला धडकली की हसून घ्या, मग वही बघा : कोणती ओळ चुकली? ती दुरुस्त करून पुन्हा चालवा. झालं, तुम्ही कोडिंग केलंत! घरी मुलांबरोबरही हा खेळ करा.

आणि त्या कुलपाचं काय झालं? समितीने ठरवलं की वापरताना काही बिघडलं तर तो विषय समितीपुढे आणायचा, एकट्या मॅडमवर ढकलायचा नाही. शेजारच्या गावातल्या एका सरांना हे चांगलं येतं, ते दोन शनिवार येऊन मॅडमजवळ बसले. पाचपैकी दोन संगणक सुरूच झाले नाहीत, त्यांच्या दुरुस्तीचा अर्ज दिलाय. तीन चालू आहेत. परवा ताईंची लेक घरी येऊन आईला म्हणाली, "आई, उठ, मी सांगते तशी चाल, तुला त्रिकोण काढून दाखवते." ताई म्हणाल्या, "भाकरी तव्यावर आहे गं!" पण उठल्या, आणि स्वयंपाकघरातच त्रिकोणावर चालल्या.

तुमच्या गावच्या शाळेत ही खोली उघडी आहे की बंद? पुढच्या महिन्याच्या बैठकीत येताना माहिती घेऊन या.