५०० कोंबड्या आहेत, मग पैसा जातो कुठे? आफ्रिकेतल्या छोट्या अंडी फार्मचा हिशोब

व्हिडिओत आकडे जरा पटापट गेले, म्हणून सगळं इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊनच वाचा.

आधी चित्र बघू. केनिया, युगांडा, घाना, नायजेरिया इथे शहरं वाढताहेत, अंड्याला गिऱ्हाईक आहे. त्यामुळे ३००-५०० कोंबड्यांचं शेड टाकून धंद्यात उतरणारे खूप. अंगणात चरणारी गावठी कोंबडी वर्षाला ५० च्या आसपास अंडी देते, हायब्रीड लेअर ३०० च्या घरात जाते. कागदावर धंदा झकास दिसतो. मग अडतं कुठे?

१. खाद्य : सगळा खेळ इथेच

एकूण खर्चातला साधारण ६०-७० टक्के खर्च खाद्याचा. त्यात मुख्य माल मका आणि सोयाबीन. २०२४ मध्ये झांबिया आणि मलावीत दुष्काळाने मका गेला. तिथल्या माणसांचं रोजचं जेवणही मक्याचंच. म्हणजे माणूस आणि कोंबडी एकाच पोत्यासाठी रांगेत!

आता हिशोब करा. एक लेअर दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाते. ५०० कोंबड्यांना रोज ६० किलो.

- ९० टक्के उत्पादन : ४५० अंडी, ३० चा ट्रे धरला तर १५ ट्रे. एका ट्रेमागे ४ किलो खाद्य.
- ६५ टक्के उत्पादन : ३२५ अंडी, जेमतेम ११ ट्रे. एका ट्रेमागे साडेपाच किलो खाद्य.

कोंबड्या तेवढ्याच, पोती तेवढीच. पण ट्रेमागे दीड किलो खाद्य जास्त गेलं, आणि गिऱ्हाईक त्याचा एक पैसाही देत नाही.

२. ९० चे ६५ का होतात?

पहिलं कारण उजेड. लेअरला दिवसाला १६ तासांच्या आसपास उजेड लागतो. केनिया-युगांडा विषुववृत्तावर आहेत, तिथे वर्षभर दिवस जेमतेम १२ तासांचा. वरचे ४ तास बल्ब लावावा लागतो, आणि वीज भरवशाची नाही. म्हणून सोलर दिवा तिथे चैन नाही, गरज आहे.

दुसरं पाणी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की अंडी लगेच घटतात.

तिसरं रोग. न्यूकॅसल, म्हणजे आपल्याकडची मानमोडी किंवा राणीखेत. अख्खं शेड रिकामं करते. लस स्वस्त आहे, पण बऱ्याच लसी थंड ठेवाव्या लागतात. जिथे फ्रीजच नाही तिथे लस पोहोचेपर्यंत निकामी होऊ शकते. म्हणून गावठी कोंबड्यांसाठी उष्णता सहन करणारी आय-२ लस टांझानिया, मोझांबिकमध्ये वापरली गेली.

चौथं म्हणजे अंडी न देणाऱ्या कोंबड्या. त्या वेळेवर काढल्या नाहीत तर फुकट खात बसतात.

३. विक्री

२०२३ च्या सुरुवातीला नायजेरियात नोटा बदलल्या आणि रोख पैशाची टंचाई झाली. अंड्याचं गिऱ्हाईक रोखीचं, त्यामुळे माल फार्मवर पडून राहिला. कोंबडी काही थांबत नाही, ती रोज अंडं देतेच. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका, तो यासाठी.

४. दुसरी बॅच : इथे खरे लोक गळतात

पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं यायला १८-२० आठवडे. तोवर एक पक्षी साधारण ६-७ किलो खातो. ५०० पक्ष्यांचे झाले तीन टन, आणि गल्ल्यात शून्य. जुनी बॅच साधारण ७२-८० आठवड्यांनी विकली की एकरकमी पैसा हातात येतो, तो घरात खर्च होतो आणि शेड रिकामं राहतं. फार्म तोट्याने नाही, भांडवल संपल्याने बंद पडतो.

मग करायचं काय?

रोज रात्री दुकानाचा गल्ला मोजतो तसं तीन आकडे लिहा : किती किलो खाद्य घातलं, किती अंडी आली, किती पक्षी मेले. आठवड्याला ट्रेमागचं खाद्य काढा. आकडा वर सरकला की त्याच दिवशी उजेड, पाणी, तब्येत तपासा. आणि प्रत्येक ट्रेमागे थोडी रक्कम पुढच्या बॅचसाठी वेगळ्या खात्यात टाका.

नगर असो की नैरोबी, हा हिशोब बदलत नाही. शेड टाकायच्या आधी तुमच्या भागातला खाद्याचा आणि ट्रेचा भाव घालून वरचं गणित एकदा सोडवा. ६५ टक्के उत्पादनावरही चार पैसे उरत असतील, तरच पुढे जा.