रोहूला पोट नसते, म्हणून…

मोताळा तालुक्यात, नळगंगा धरणाच्या परिसरात, खरिपाचे शिवार भरते ते सोयाबीन, कपाशी आणि मक्याने. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेत, म्हणजे डीओसीत, ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. तलावातल्या रोहू-कटल्याला वाढीच्या काळात खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिने पुरतात. मग त्यांच्यासाठी समुद्रातली तारली दळून फिशमील का करायचे? १९७२च्या एल निनोत फिशमीलला लागणारी पेरूची अँकोव्ही मासळी आटली, तेव्हा जगभर पशुखाद्याचे भाव भडकले होते. एवढ्या लांबच्या समुद्रावर आपल्या शेततळ्याने अवलंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र नुसती ढेप पाण्यात टाकून भागत नाही. कच्च्या सोयाबीनमधली काही द्रव्ये प्रथिनांचे पचन अडवतात. नीट उष्णता दिली की ती निकामी होतात. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी पडते, ते वरून घालावे लागते. सरकीत गॉसिपॉल असते. ते लायसिनला बांधून ठेवते, म्हणून सरकी ढेप बेतानेच वापरायची.

खरी अडचण फॉस्फरसची. डीओसीतला बराचसा फॉस्फरस फायटेट या रूपात अडकलेला असतो. तो सोडवणारे फायटेज हे विकर खाद्यात मिसळता येते, पण ते आम्लात चांगले काम करते. रोहू तर बिनपोटाचा, म्हणजे जठर नसलेला मासा! अन्न थेट आतड्यात उतरते, तिथे आम्ल नाही. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या पिल्लांच्या वनस्पतिजन्य खाद्यात फायटेजबरोबर सायट्रिक आम्लही घातले. तेव्हा खनिजे अंगी लागण्याचे प्रमाण सुधारले. लिंबातले आम्ल इथे पोटाची उणीव भरून काढते, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

फॉस्फरस पचण्याचा लाभ पाण्यालाही होतो. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडतो, शेवाळ माजते, पाणी हिरवेगार होते आणि पहाटे प्राणवायू घटून मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर नैसर्गिक अन्न तोकडेच. मासा जवळपास सगळा खाद्यावर वाढतो. म्हणून खाद्याचे पोते घेताना प्रथिनांच्या टक्क्यांबरोबर त्यात फायटेज आहे का, मेथिओनिन घातले आहे का, हेही विचारावे. आणि मत्स्यविभागाने इथल्याच डीओसी-मक्याचे खाद्य एका शेततळ्यात, बाजारचे दुसऱ्यात देऊन माशांचे वजन आणि पाण्यातला फॉस्फरस हंगामभर मोजावा.